शहाऐंशी मार्कांचं काळीज

माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं, त्याच आठवड्यात माहेरच्या गावाहून तिघं जण तपासून घ्यायला आले. एकाची कंबर धरली होती, एकीला पित्त होतं आणि तिसऱ्याला, आलोच आहे तर, बीपी बघून हवं होतं. मी संगमनेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. पीएच.डी. केली ती पाइपातून वाहणाऱ्या पाण्याचा दाब वाकणावर किती पडतो, यावर. मी चहा ठेवला आणि हे तिघांनाही नीट समजावून सांगितलं. कंबरवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग कंबर आत्ता बघती का चहा झाल्यावर?"

पुढे मीच हा घोळ वाढवला. नगरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांना आकडेमोडीचा भारी नाद. आमच्या कॉलेजात एका कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आले आणि माझ्या संगणकावर पंपातलं पाणी रंगीत रेघांनी फिरताना बघत तिथेच उभे राहिले. तिकडे हारतुरे खोळंबले. शेवटी म्हणाले, "मॅडम, यात पाण्याऐवजी रक्त घातलं तर?"

त्यांची अडचण साधी होती. हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्या अंगावरून गेलेल्या मोजक्या बारीक वाहिन्यांतून. या वाहिन्या कुठे अरुंद झाल्यात, ते स्कॅनमध्ये दिसतं. पण त्या जागेपलीकडच्या स्नायूला रक्त पुरतंय की नाही, ते नुसतं चित्र बघून कळत नाही. बघायला भयंकर वाटणारी वाहिनी मजेत काम करत असते आणि किरकोळ वाटणारी दगा देते. खात्री करायची तर मनगटातून बारीक तार थेट हृदयाच्या वाहिनीपर्यंत न्यायची आणि अडथळ्याच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजायचा. हेच काम स्कॅनवरून संगणकाला करता येतं, हे आम्हा दोघांनाही वाचून माहीत होतं. डॉक्टरांना ते आपल्या माणसांच्या स्कॅनवर करून बघायचं होतं. आम्ही रीतसर परवानग्या काढल्या आणि कामाला लागलो. रोग्यावर उपचार काय करायचे ते डॉक्टर त्यांच्या नेहमीच्या तपासण्यांवरच ठरवणार होते. माझं गणित नंतर ताडून बघण्यापुरतं.

आता एवढं सगळं फोनवर कोण सांगत बसणार? मी आईला एवढंच म्हणाले, "हल्ली हृदयावर काम करतेय." संध्याकाळच्या आत ते घोडेगावला पोचलं होतं.

घोडेगावाजवळच्या वस्तीवर माझे मामा राहतात. सत्तरी गाठलेले. शेती आहे, पण पंचक्रोशीत नाव आहे ते म्हशींमुळे. घोडेगावच्या बाजारात कुणाला म्हैस घ्यायची असली की आधी मामांना गाठतात. मामा म्हशीभोवती एक फेरी मारतात, कासेला हात लावतात, तिच्या डोळ्यांत बघतात आणि "चला" म्हणतात. चला म्हणजे घेऊ नका. घेण्यासारखी असली तर ते काहीच बोलत नाहीत, नुसते तंबाखू मळायला लागतात. त्यामुळे विकणाऱ्यांचं लक्ष म्हशीपेक्षा मामांच्या तळहाताकडे असतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मामीच्या लक्षात आलं की मामा वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येताना मध्येच थांबतात आणि आभाळाकडे बघत उभे राहतात.

"काय बघताय?" मामीनं विचारलं.

"पाऊस येतो का काय."

"मार्च म्हैन्यात?"

दोन दिवस मामीनं बघितलं. तिसऱ्या दिवशी ती भाऱ्याच्या मागोमाग चालत आली आणि मामा थांबले तशी समोर जाऊन उभी राहिली. मामांचा हात छातीवर होता. त्यांनी तो काढून खिशात घातला, पण उशीर झाला होता.

"डाक्टरकडं चला," मामी म्हणाली.

"मला डाक्टरची काय गरज? माझी भाची हार्टची डाक्टर हाय. तिला दावीन."

मामीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. बाहेर येऊन तिला सांगितलं की मी पाइपाची डॉक्टर आहे. मामी म्हणाली, "बाई, तू पायपाची ऱ्हा न्हाईतर नळाची. पन तू येतेस म्हटल्याबिगर ह्ये गाडीत बसायचे न्हाईत." मी त्याच दिवशी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नगरला दवाखान्यात जाऊन दोघांची वाट बघत उभी राहिले.

डॉक्टरांनी मामांना तपासलं, ईसीजी काढला, रक्त घेतलं. ॲटॅक वगैरे नव्हता. "वाहिन्यांचा स्कॅन करू," ते म्हणाले. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग मामा डॉक्टरांना म्हणाले, "भाचीची हरकत न्हाई. करा."

स्कॅनआधी नाडी सावकाश व्हावी लागते, म्हणजे चित्र हलत नाही. त्यासाठी मामांना गोळी दिली आणि खाटेवर पडायला सांगितलं. तासभर झाला तरी नाडी काही खाली येईना, कारण मामा सारखे उठून बसत होते. त्यांचा फोन वाजत होता. बाजारात कुणीतरी एका म्हशीसमोर उभं होतं आणि मामांना तिचं वर्णन करून सांगत होतं. शेवटी नर्सबाईंनी फोन काढून घेतला. "बाबा, डोळे मिटा, देवाचं नाव घ्या आणि शांत पडा."

मामांनी नाव घेतलं. नाडी दोनने वाढली.

"त्यांचं तसं न्हाई व्हायचं," मामी म्हणाली. ती खाटेशी वाकली. "आवं, दुपारची येळ हाय. गोठ्यात सावली हाय. थोरली म्हैस बसून रवंथ करती. ऐका तिचा आवाज." मामांचा चेहरा सैल पडत गेला. गोळीचा असर उशिरा झाला असेल, मला माहीत नाही. पण यंत्रावरचा आकडा आमच्या देखत खाली उतरला आणि नर्सबाईंनी मामीकडे असं बघितलं की तिला तिथेच नोकरी देतील.

मामांना आत नेलं. आम्ही काचेच्या अलीकडे तंत्रज्ञापाशी थांबलो. स्कॅनच्या वेळी शिरेतून एक औषध सोडतात, त्यामुळे वाहिन्या चित्रात उजळ दिसतात. ते औषध अंगात गेलं की एकदम ऊब पसरते, विशेषतः कमरेखाली, आणि भल्याभल्यांना वाटतं की आपल्याला कपड्यांतच झाली. हे आधी सांगायचं असतं. मामांनाही सांगितलं होतं, पण ते सांगत होते तेव्हा मामा फोनवरच्या माणसाला म्हशीची शेपटी किती लांब आहे ते विचारत होते.

स्पीकरवरून सूचना आली. "श्वास आत घ्या. रोखून धरा."

मामांनी रोखला. यंत्र फिरायला लागलं. आणि तेवढ्यात आतून मामांचा घाबराघुबरा आवाज आला, "आरं थांबा, थांबा! घोटाळा झाला!"

बाहेर आले ते दोन्ही हातांनी धोतर धरून. चेहरा पडलेला. मामीकडे न बघता मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, त्यांच्या मशनीत काई बिघाड झाला तर मी भरून देतो. पन तुझ्या मामीला सांगू नको." मी त्यांना म्हटलं, मामा, धोतर बघा, कोरडं आहे. त्यांनी चाचपून बघितलं. पुन्हा चाचपलं. मग त्यांचा आवाज मोठा झाला. "मंग आधी सांगायचं न्हाई व्हय कुनी?"

स्कॅन दाखवत डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या पुढच्या अंगाची वाहिनी एका ठिकाणी निम्म्याहून जास्त अरुंद झालीय. पण त्याचा पलीकडे त्रास होतोय का, ते यावरून ठरवता येणार नाही. मनगटातून तार घालून दाब बघावा लागेल. रक्त कमी पडत असेल तर स्टेंट. पुरत असेल तर गोळ्या."

आमच्याकडे स्टेंटला स्प्रिंग म्हणतात. मामीनं विचारलं, "बारीक झालीय दिसतंय, तर स्प्रिंग टाकूनच द्या की. कशाला मोजायचं?"

मी शिक्षिका आहे. समजावून सांगायला मी तोंड उघडलं, पण मामा माझ्याआधी बोलले.

"अगं, तसं नसतं. म्हशीच्या पोटाखालनं दुधाची शीर जाती का न्हाई? जाड, नागमोडी शीर दिसली की नवशिका गडी भुलतो. आन् बारीक दिसली की पाठ फिरवतो. मी काय करतो? दोन टायम दूध काढून बघतो. चरवीत किती पडलं त्यो हिशेब. शिरेचं रूप बघून जनावर घेत न्हाईत." मग डॉक्टरांना म्हणाले, "तुमचंबी तेच ना सायेब? काळजाला दूध किती पडतंय ते बघायचं."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "मॅडम," ते मला म्हणाले, "आपल्या या कामावरच्या निबंधाची पहिली चार पानं यात आली."

तार घालायची तारीख दहा-बारा दिवसांनी मिळाली. तोवर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, भारा उचलायला बंदी घातली आणि छातीत पुन्हा दुखलं तर तसंच निघून यायला सांगितलं. मामांची संमती घेऊन त्यांचा स्कॅन आमच्या कामात घेतला. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी मामांनी विचारलं, "म्हंजी तू माझं काळीज संगमनेरला नेनार?"

"त्याचं चित्र नेणार. मग संगणकात त्याचं हुबेहूब रूप तयार करायचं आणि त्यात रक्त खेळवायचं. तुम्ही जोरात पळताना जितकं लागेल तितकं."

"पन ह्यांना तर पळायला बंदी केलीय," मामी म्हणाली.

"मामा घरीच बसणार. फक्त संगणकातलं हृदय पळणार."

मामीनं मामांकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्यांनी आता पळायलाबी दुसऱ्याला लावलं."

स्वतःच्या मामांचं हृदय पडद्यावर उघडून बसणं हा वेगळाच अनुभव आहे. स्कॅन म्हणजे शेकडो पातळ चकत्यांची चळत. एकेका चकतीवर वाहिनीचा ठिपका शोधायचा, त्याची कड आखायची, पुढच्या चकतीवर जायचं. सॉफ्टवेअर बरंचसं आपलं आपण करतं, पण डोळ्यांनी तपासावंच लागतं. याच माणसाच्या खांद्यावर बसून मी बाजार बघितला होता आणि आता त्याच्या हृदयावरच्या वाहिनीच्या वळणांवरून माउस फिरवत होते. वळणं मात्र खास होती. एक फांदी सरळ जाता जाता उगाचच वळसा घालून पुन्हा मूळ वाटेला लागत होती. मामा एस. टी. स्टँडवरून घरी जाताना असेच जातात.

शनिवारी दुपारी गणित सुटलं. अडथळ्याच्या पलीकडचा दाब अलीकडच्या किती पट उरला, तो आकडा येतो. एक आला तर काहीच अडचण नाही. पॉइंट आठच्या खाली गेला तर काळजीचं. मामांचा आला पॉइंट चार. स्नायूचं चित्र उघडलं. जिथे रक्त पुरतं तिथे लाल आणि पिवळा, जिथे नाही तिथे निळा, असे रंग मीच ठरवलेले. मामांचं हृदय पुढून अख्खं निळं होतं.

या हिशेबाने मामा आत्ता खाटेवर, नाकाला नळी लावून असायला हवे होते. मी मामीला फोन लावला.

"मामा कुठायत?"

"म्हशी धुत्यात."

"छातीत दुखतंय का त्यांच्या? दम लागतोय?"

"न्हाई बा. गानं म्हन्त्यात. तुला ऐकायचंय का?"

तिनं फोन तिकडे धरला असावा. पाण्याच्या आवाजात मामांचा खर्जातला सूर ऐकू आला. मी फोन ठेवून डॉक्टरांना लावला आणि एका दमात पॉइंट चार, पुढचा भाग निळा, तार आजच घालता येईल का, असं सगळं सांगून टाकलं.

"मामा काय करतायत आत्ता?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हशी धुतायत."

"मग मॅडम, तोवर तुम्ही तुमचं गणित धुऊन काढा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण मामांना त्यांनी लगेच फोन केला आणि पुन्हा सगळी चौकशी केली, हे मला नंतर मामीकडून कळलं. मी पहिल्या चकतीपासून सुरुवात केली. एके ठिकाणी वाहिनी वरच्या चकतीत होती तिथे खालच्या चकतीत नव्हती; पुड्यातली बिस्किटं सरकावीत तशी ती चळत तिथे सरकली होती. सॉफ्टवेअरला जोड सापडला नाही, त्यानं वाहिनी तिथे जवळजवळ बुजवून टाकली आणि पुढे रक्त जाईना. मी त्या चकतीवर नोंदलेली वेळ बघितली. बरोबर त्याच क्षणी मामा आत म्हणाले होते, "आरं थांबा, घोटाळा झाला!" आणि झालाही होता, फक्त धोतरात नव्हे. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं, रुग्णाने श्वास सोडल्याने या भागात चित्र सरकले आहे. मुलांना मी दर वर्षी सांगते की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय गणित सुरू करू नका.

सुदैवाने सरकलेली जागा अरुंद भागाच्या बरीच खाली होती. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना सोबत घेऊन ती नीट जुळवली, गणित पुन्हा लावलं. आमच्याकडे वीज कधीही जाते, म्हणून बॅटरीच्या खोलीचे शिपाई तिथेच स्टूल टाकून बसले. "कुनाचंबी काळीज असो, मधी बंद पडायला नको," म्हणाले. या वेळी आकडा आला पॉइंट आठ सहा. चित्र लाल-पिवळं, एका कडेला थोडी हिरवट झाक. मी ते बराच वेळ बघत बसले. तपासायला काही उरलं नव्हतं तरी बसले.

तार घालायच्या दिवशी नगरला मामांच्या आधी पाहुणे पोचले होते. काळजाचं ऑपरेशन म्हटल्यावर दोन जीपगाड्या भरून माणसं आली होती. शहाळी होती, बिस्किटांचे पुडे होते. रडायच्या तयारीनं आलेल्या दोघी-तिघी होत्या. आणि होते शेजारचे गुरुजी. हे निवृत्त प्राथमिक शिक्षक. चार वर्षांपूर्वी त्यांना दोन स्प्रिंगा बसल्या. तेव्हापासून दूध डेअरीसमोरच्या बाकावर हृदयाच्या विषयात त्यांचाच शब्द शेवटचा. मामांशी त्यांची जुनी दोस्ती आणि तेवढीच जुनी चढाओढ. "घाबरू नका," ते मामांना म्हणाले, "मला दोन बसल्या. तुम्हाला एकातच भागेल."

डॉक्टरांनी तार घातली, दाब मोजला, बाहेर आले आणि आधी मला म्हणाले, "पॉइंट आठ चार." मला तिथेच उडी मारावीशी वाटली. माझा पॉइंट आठ सहा होता. मग ते पाहुण्यांकडे वळले. "रक्त पुरतंय. स्प्रिंग लागत नाही. गोळ्या घ्यायच्या, तंबाखू बंद, रोज चालायचं."

जीपमधून आलेले एक वयस्क पाहुणे पुढे आले आणि म्हणाले, "म्हंजी काईच बसवनार न्हाई?"

"काही गरज नाही."

"एक बारकी तरी?"

डॉक्टर हसले. पाहुणे हसले नाहीत. इतक्या लांबून येऊन माणूस धडधाकट निघाला, हे त्यांना पटायला जड जात होतं. रडायच्या तयारीनं आलेल्या बायकांनी शहाळी फोडून आपापसात वाटून घेतली.

खोलीत मामा पडून होते, मनगटाला पट्टी. मी आनंदानं सांगितलं, "मामा, संगणकाचा पॉइंट आठ सहा आला होता, तारेचा पॉइंट आठ चार!"

मामांनी विचार केला. "म्हंजी तुझं दोन मार्कांनी चुकलं."

"मामा, दोनानं म्हणजे जवळजवळ बरोबरच आलं."

"किती पैकी हाय ह्ये?" दारातून गुरुजींनी विचारलं.

"एकपैकी."

गुरुजी चाळीस वर्षं पेपर तपासत आले होते. त्यांनी क्षणात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे शंभरात चौऱ्याऐंशी. डिस्टिंक्शन."

"संगनकात शहाऐंशी हायेत," मामा म्हणाले. "माझे जास्तीचे धरा."

आठवड्यानंतर गुरुजींचा मला फोन आला. मामा डेअरीच्या बाकावर बसून शहाऐंशी मार्कांचं सांगतात आणि लोक आता स्प्रिंगांकडे बघतसुद्धा नाहीत, असं ते सरळ म्हणाले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "बाई, माझे किती होते?" मी म्हटलं, गुरुजी, तुम्हाला ॲटॅक आला होता, तेव्हा मोजत बसायला वेळ नव्हता, आणि ते योग्यच झालं. मग ते म्हणाले, "म्हणजे माझा पेपर तपासलाच नाही कुणी."

महिन्याभरात तिघंही संगमनेरला आले. मामांना आपलं काळीज बघायचं होतं, मामीला मामांचं, आणि गुरुजींना मामा खरं सांगतात का ते. मी प्रयोगशाळेत पडद्यावर चित्र लावलं. लालपिवळं हृदय काळ्या पार्श्वभूमीवर सावकाश फिरायला लागलं.

मामांनी खुर्ची नाकारली. ते उभ्यानंच बघत राहिले. मग मला म्हणाले, "फिरव." मी फिरवलं. "मागून दाव." मी मागून दाखवलं. "खालची बाजू." एक पूर्ण फेरी झाली. त्यांचा उजवा अंगठा आपोआप डाव्या तळहातावर घासायला लागला. तंबाखू सुटलेली होती, हातात काही नव्हतं, पण मामा मळत होते. मी मामीकडे बघितलं. तिलाही कळलं होतं.

"ह्यो हिरवा कशाचा?" गुरुजींनी तेवढ्यात बोट ठेवलं.

"तिथे थोडं कमी पोचतं. चालेल एवढं आहे."

"मार्क तिथं गेले तर," गुरुजी समाधानानं म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

मामी पडद्याजवळ गेली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. तिनं पदरानं डोळ्यांवरचा घाम पुसला, मान तिरकी करून हृदयाच्या चारी अंगांकडे बघितलं आणि मला विचारलं, "बाई, ह्याच्यात राग कुठं असतो?"

"राग यात दिसत नाही, मामी."

"मंग तुझं मशीन अजून कच्चं हाय," ती म्हणाली. दुपारी मामीनं आणलेल्या बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही लॅबबाहेरच्या ओट्यावर बसून खाल्ली. बॅटरीच्या खोलीचे शिपाईही येऊन बसले आणि मामांना बघून म्हणाले, "तुमीच का ते? दिसायला बरेच हाय की."

चालण्याचा प्रश्न मात्र राहिला होता. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलेलं. मामांना ते मान्य नव्हतं. मोकळ्या हातानं, काही काम नसताना रस्त्यानं चालत जायचं आणि तसंच परत यायचं, हे त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. "लोक इचारतील, कुठं निघाला? काय सांगू? कुठंच न्हाई?" दोन दिवस ते गेले आणि दोन्ही दिवस ओळखीच्या माणसाच्या मोटारसायकलवर बसून परत आले, कारण त्यानं आग्रह केला.

तेव्हा मामीनं थोरली म्हैस सोडून दोर त्यांच्या हातात दिला. म्हैस हातात असली की कुणी विचारत नाही आणि मोटारसायकलवर बसायचा आग्रहही करत नाही. मामा निघाले. म्हशीची चाल डॉक्टरांनी सांगितली होती तेवढीच, ना घाई ना रेंगाळणं. रोज सकाळी मोठ्या रस्त्याच्या कडेनं पुलापर्यंत जायचं आणि परत. मामा खूश, डॉक्टर खूश, म्हैसही अंगानं चांगली भरायला लागली.

फक्त बघणाऱ्यांची समजूत वेगळी झाली. घोडेगावच्या रस्त्यावर मामा म्हैस धरून चाललेत म्हटल्यावर ती विकायला काढलीय, असंच सगळ्यांना वाटलं. पहिल्या आठवड्यात तिघांनी थांबवून विचारलं. मामा "चालायला निघालोय" म्हणाले, त्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. मामा भाव वाढवायला टाळतायत, असा अर्थ निघाला. महिन्याअखेर एकानं असा काही आकडा सांगितला की मामांनी पुलावरच दोर त्याच्या हातात दिला आणि रिकाम्या हातानं चालत घरी आले.

मामी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोठ्यातली धाकटी सोडली, दोर मामांच्या हातात दिला आणि म्हणाली, "हिला परत आनायचं. आन् कुनी इचारलं तर सांगा, ही डाक्टरनं दिलीय."